बोर्डाला खाकरता येत नाही

डिसेंबर लागला की यशवंतपूरच्या आमच्या दोन खोल्यांत पावट्याचा वास भरून राहतो. इथले कन्नड लोक त्याला अवरे म्हणतात. आई अजून पावटाच म्हणते. फुटपाथवर शेंगांचे हिरवे ढीग उतरतात. त्या शेंगांना एक तेलकट, उग्र आणि तरी गोडसर वास असतो. बोटांना लागला की साबणानंही जात नाही. आई दाराशी बसून शेंगा सोलते, दाणे भिजत घालते आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबते. सालातून सुटलेला दाणा पातेल्यात टप् करून पडतो. टप्, टप्. या आवाजाच्या सोबतीनं मी आजवरच्या सगळ्या हिवाळी परीक्षांचा अभ्यास केला आहे. माझ्या वह्या हुंगून पाहिल्या तर त्यांनाही तो वास येईल.

कुणाच्या तोंडाला त्या वासानं पाणी सुटत असेल. मला त्यात परीक्षेचा वास येतो.

यंदाही वेळापत्रक लागलं, यंदाही ढीग उतरले, आणि मला आधी आठवला तो बोर्ड. कोरमंगलाच्या अलीकडे, जिथं मोठा रस्ता दोन रस्त्यांत फुटतो त्याच्या थोडं आधी, कडेला तो उभा असतो. खाली चाकं, वर काळी पाटी, पाटीवर पिवळसर दिव्यांची अक्षरं. दुरून पाहिलं तर कुणीतरी अंधाऱ्या फळ्यावर हळद शिंपडली आहे असं वाटतं. जवळ गेलं की त्या हळदीचे शब्द होतात.

गेल्या वर्षीच्या या दिवसांत त्या बोर्डावरचे शब्द माझे होते.

हे वाक्य लिहितानाही मी दोनदा थांबले. ‘माझे’ म्हणावं की ‘आमचे’? आम्ही चौघं होतो कॉलेजच्या त्या प्रकल्पावर, शिवाय सर होते. पण शेवटी जे वाक्य पेटलं ते माझ्या वहीतून निघालेलं होतं, एवढं खरं.

काम साधंच होतं. पुढच्या चौकात पाइपांसाठी रस्ता खणला होता आणि सकाळ-संध्याकाळ तिथं गाड्या तुंबायच्या. चौकात पोचल्यावर कळून काही उपयोग नसतो. तोवर पुढं गाडी, मागं गाडी, बाजूला दुभाजक. म्हणून फाट्याच्या आधीच सांगायचं, की बाबांनो, पुढं कोंडी आहे, ज्यांना जमेल त्यांनी डावीकडून जा. पाटाला पाणी फार झालं की शेतकरी फावड्यानं बाजूला वाट फोडून देतो, तसंच. आमचं फावडं म्हणजे तो बोर्ड. आमच्या सरांनी कुठंकुठं खेटे घालून तो थोड्या महिन्यांसाठी मिळवला होता. त्यावर काय लिहायचं आणि लिहिलेलं लोक किती ऐकतात, हे आम्ही पाहायचं होतं.

मी लिहून नेलेलं पहिलं वाक्य असं होतं: ‘पुढील चौकात खोदकाम सुरू असल्याने बहुतेक गर्दी असण्याची शक्यता आहे, तरी शक्य असल्यास कृपया डावीकडील रस्त्याचा विचार करावा.’ कन्नडमध्ये लिहिलं होतं, पण कुठल्याही भाषेत ते तितकंच लांब झालं असतं.

पद्मिनीनं ते मोठ्यानं वाचलं. पद्मिनी म्हणजे आमच्या गटातली माझी मैत्रीण. तिच्या घरचे लोक कितीतरी पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आले. तिचं मराठी कन्नडमध्ये भिजवून काढल्यासारखं आहे आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही.

“अगं, हे वाचेपर्यंत माणूस शहर सोडून होसूरला पोचेल की!” ती म्हणाली. “आणि हे ‘बहुतेक’ काय? स्वल्प धीर धर, बाई. गर्दी आहे की नाही?”

“आहे. म्हणजे, बहुतेक वेळा असते.”

“झालं! सर, हिचं नावच बहुतेकबाई ठेवा.”

सगळे हसले. सरही हसले, पण मग त्यांनी माझ्याकडे पाहून सावकाश सांगितलं, “गाडी चालवणाऱ्याची नजर तुझ्या पाटीवर पापणी लवेपर्यंत असते. बोर्डाला खाकरता येत नाही. काय झालंय ते सांग, काय करायचं ते सांग, आणि गप्प बस.”

बोर्डाला खाकरता येत नाही. ते वाक्य मला झोंबलं, कारण मी खाकरते. कुणाशीही बोलायच्या आधी माझ्या घशातून एक छोटा आवाज निघतो. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. प्रत्येक वाक्याच्या आधी मला एक फाटा लागतो आणि मी तिथं गाडी हळू करते. वर्गात मी हात वर करते तोवर कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असतं.

आणि भाषेचंच कशाला? आमचं गाव खानापूरकडचं. अप्पा गावच्या कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकले, आई शाळेच्या आवारात फक्त तिच्या धाकट्या भावाला सोडायला गेली. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पद्मिनीला विषय निवडायचा असला की ती घरी विचारते. तिचा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, सांगतो की हा विषय घे, तो नको, त्या वाटेला जाऊ नको. माझ्या घरात प्रेमानं विचारतात, “पेपर कसा गेला?” पण पुढचा रस्ता मोकळा आहे की तुंबलेला, हे सांगू शकणारं कुणी नाही. मी चौकात पोचते तेव्हाच मला कळतं. दुसऱ्या वर्षाला एका विषयात मी नापास झाले तेव्हाही तसंच झालं. तो विषय सगळ्यांना जड जातो, त्याला आधीपासून लागावं लागतं, हे नंतर सगळे म्हणाले. आधी सांगणारी पाटी माझ्या रस्त्यावर नव्हती.

म्हणून असेल, त्या बोर्डावर माझा फार जीव जडला. कुणालातरी आधी कळावं, एवढंच त्याचं काम. शेवटी जे ठरलं त्यात तीन ओळी होत्या. पुढे खोदकाम. गर्दी आहे. डावीकडे वळा. त्यांत ‘बहुतेक’ कुठंच नव्हतं. अक्षरं पहिल्यांदा पेटली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. इतकं ठामपणे मी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं. आणि लोक ऐकत होते! एक मोटार वळली. तिच्यामागं दोन रिक्षा वळल्या. माझ्या तीन ओळी वाचून माणसं आपला रस्ता बदलत होती, आणि त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की सांगणारी मी आहे.

अप्पांचा टेम्पो आहे. यशवंतपूरच्या बाजारातून कांदा-बटाटा भरायचा आणि कोरमंगलाच्या हॉटेलांत पोचवायचा, तेही मालाच्या गाड्यांना बंदीची वेळ लागायच्या आत. त्यांचा रस्ता त्या बोर्डापुढूनच जातो. पहिल्या दिवशी त्यांनी बोर्डासमोर टेम्पो इतका हळू केला की मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. अप्पांनी तिन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, देवळातला शिलालेख वाचावा तशा. मग डावीकडे वळले आणि बाजारात जाऊन सगळ्यांना सांगितलं, “आमची सुजा बोर्ड लिहिती.”

बाजारातल्या हमालांना ते निराळंच कळलं. “अण्णा, आमच्या गाळ्यावरची पाटी पण रंगवून दे म्हणावं पोरीला,” एकजण म्हणाला. “अक्षर बरं आहे ना तिचं?”

अप्पांनी ते घरी येऊन हसत सांगितलं, पण त्यांच्या हसण्यात थोडा राग होता.

पुढं पुढं त्यांचं ते बोर्ड पाळणं आईला खुपायला लागलं. रस्ता समोर मोकळा दिसत असला तरी बोर्डावर ‘डावीकडे’ असेल तर अप्पा डावीकडेच वळायचे. एकदा आई सोबत होती. घरी आल्यावर ती मला म्हणाली, “समोर रस्ता आरशासारखा मोकळा पडलाय, आणि ह्यांनी घातली गाडी बोळात. माणूस डोळ्यानं बघतो का पाटीनं?”

“तिनंच लिहिलंय नव्हं?” अप्पा म्हणाले. “मग खरंच असणार की.”

गावाकडे अप्पांना सगळ्या वाटा ठाऊक होत्या, आणि या शहरातही त्यांनी आपल्या वाटा स्वतः शोधल्या. आता त्यांनी त्या माझ्या हवाली करून टाकल्या होत्या. एखाद्यानं स्वतःचं मूल आपल्या कडेवर द्यावं आणि निर्धास्त निघून जावं, तसं मला झालं. पडलं तर?

डावीकडचा रस्ताही काही रिकाम्या कागदासारखा नव्हता. त्यावर लोक राहत होते. एक शाळा होती, इस्त्रीची गाडी होती, पिंपळाखाली फुलं विकणारी एक बाई बसायची. गाड्या कशा वळतात ते पाहायला आम्हाला तिथं उभं केलं जायचं. बोर्ड सुरू झाल्यावर त्या रस्त्यावरून दुपटीनं गाड्या जायला लागल्या. फुलवालीच्या शेवंतीवर धुळीचा थर बसायचा आणि ती दर थोड्या वेळानं पाण्याचा हबका मारायची.

एके दिवशी ती मला कन्नडमध्ये म्हणाली, “काय गं पोरी, हे सगळे आमच्याच गल्लीत का घुसतात? कुणी धाडलं यांना?”

मी खाकरले. “आम्हीच, अक्का. तिकडं एक पाटी लावली आहे.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता पाण्याचा हबका माझ्यावर येतो. पण ती खो खो हसली. “मग नुसतं ‘डावीकडे वळा’ कशाला लिहितेस? ‘वळा आणि दोन हात शेवंती घ्या’ असं लिही! माझा तरी धंदा होईल.”

इथं फुलांची माळ हातानं मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. तिनं अर्धा हात माळ तोडून मला दिली. मी ती वेणीत घातली, पण दिवसभर तिच्या वासात मला धूळ लागत होती. सरांनी वर्गात एकदा विचारलं होतं, “सगळ्यांनीच बोर्डाचं ऐकलं तर काय होईल?” तेव्हा मला वाटलं होतं, हा कोड्यासारखा प्रश्न आहे. त्या गल्लीत उभं राहिल्यावर तो कोड्यासारखा वाटेना. कमी लोकांनी ऐकलं तर चौक तुंबतो. सगळ्यांनी ऐकलं तर गल्ली तुंबते. आणि किती जणांनी ऐकायचं हे बोर्डाला सांगता येत नाही. शिवाय रस्त्याची तब्येत तर तासातासाला बदलते. कुणीतरी चौकात उभं राहून फोन करायचा, आणि जिथून बोर्ड चालतो तिथल्या माणसानं अक्षरं बदलायची, अशी ती साखळी होती. एक कडी सुटली की बोर्ड कालचंच आज सांगत बसणार, आणि तेही तितक्याच ठामपणे.

मग परीक्षा आल्या. पावटा आला. आम्ही चौघं वह्यांत डोकं घालून बसलो. चौकात उभं राहायला कुणी उरलं नाही.

नापास झालेला तो विषय मला त्याच हंगामात सोडवायचा होता. तो राहिला असता तर मला शेवटच्या वर्षाला बसता आलं नसतं. घरी मी हे एकदाच सांगितलं होतं. त्या आठवड्यात आईनं पावटा सोलणं बंद केलं; म्हणाली, “टप् टप् आवाजानं तुझं मन हलायला नको.” आवाज थांबला आणि माझं मन जास्तच हललं. शेवटी मीच तिला म्हटलं, सोल गं, मला त्याच्याशिवाय वाचता येत नाही.

पेपरच्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. बंगालच्या उपसागरात कुठं वादळ झालं की इथं आभाळ असं गळत राहतं, ना धड पाऊस, ना धड धुकं. माझं कॉलेज कोरमंगलाच्या पलीकडे, आनेकलच्या बसच्या रस्त्यावर. परीक्षेच्या दिवशी अप्पा मला टेम्पोतून कोरमंगलापर्यंत सोडतात, पुढं मी बस धरते. आईनं तळहातावर दही-साखर ठेवली. मागं कांद्याची पोती, पुढं आम्ही दोघं, काचेवर वायपरची करकर. मी मनात सूत्रं घोळवत होते आणि ती वायपरबरोबर पुसली जात होती.

बोर्ड दिसला. पावसात त्याची अक्षरं वितळल्यासारखी दिसत होती. पुढे खोदकाम. गर्दी आहे. डावीकडे वळा.

मी समोर पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर सरळ रस्ता हलत होता. गाड्यांचे ब्रेकचे लाल दिवे लागत नव्हते, गाड्या पुढं पुढं जात होत्या. मला आठवलं की आमच्यातलं कुणीही चौकात नाही. हे वाक्य आजचं आहे की कालचं, हे मला माहीत नव्हतं. अप्पांनी डावीकडचा इंडिकेटर लावला होता. टिक्, टिक्, टिक्.

“अप्पा,” मी म्हटलं आणि खाकरले. “सरळ... सरळ रस्ता बहुतेक मोकळा असेल.”

“बोर्ड काय म्हणतोय?”

“डावीकडे म्हणतोय.”

“मग?”

एका बाजूला माझं ‘बहुतेक’ होतं आणि दुसऱ्या बाजूला हाताएवढ्या अक्षरांत माझंच वाक्य. स्वतःच्या वाक्याशी भांडताना मी हरले. अप्पांनी चाक वळवलं.

गल्लीत शिरल्यावर थोड्याच अंतरावर सगळं थांबलं. आमच्यासारखंच बोर्डाचं ऐकून आलेले सगळे तिथं होते. शाळेची बस होती, पाण्याचा टँकर होता, आणि त्या दोघांच्या मधे एक मोटार आडवी अडकली होती. दुचाकीवाले फुटपाथवर चढले होते. हॉर्न वाजत होते, मग दमून थांबत होते, मग पुन्हा वाजत होते. मागंही गाड्या लागल्या होत्या. काच धुक्यानं भरत होती आणि मी ती ओढणीनं पुसत होते, जणू काच स्वच्छ झाली की रस्ता सुटेल.

अप्पांनी एकदा मान वळवून मागं पाहिलं, बोर्ड होता त्या दिशेला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नघराचा पत्ता आपल्याच माणसानं चुकीचा सांगावा आणि चारचौघांत त्याला बोलताही येऊ नये, तसा तो चेहरा होता. परीक्षा सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं फाटक बंद होतं. मी इथंच बसले तर पेपर जाणार, पेपर गेला तर वर्ष जाणार, आणि वर्ष जाईल ते माझ्या तीन ओळींमुळे. अप्पा हे कधी बोलून दाखवणार नाहीत, पण बाजारात पुन्हा कधी ‘आमची सुजा’ म्हणणार नाहीत.

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते माझं मलाच ओळखू आलं नाही. “अप्पा, पुढं बंद आहे. मी उतरते. चालत जाते.”

काय झालंय आणि काय करायचं, इतकंच. खाकरले नव्हते.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “जा,” ते म्हणाले. “पळू नको, घसरशील. माझं मी बघतो.”

पिंपळाखाली फुलवाली छत्री धरून बसली होती. मला चिखलातून जाताना पाहून ती ओरडली, “काय गं, आज तू पण वळलीस होय?” आजूबाजूचे हसले. मीही हसले असेन. ती गल्ली माझ्या पायाखालची होती. तिथं उभं राहून मी कितीतरी दुपारी काढल्या होत्या. शाळेच्या भिंतीला लागून एक अरुंद वाट मोठ्या रस्त्याला निघते, तिथून मी बाहेर आले.

आणि समोर मोठा रस्ता सुरळीत वाहत होता. चौकातला खड्डा बुजवलेला होता. त्यावर ताजं डांबर पावसात चमकत होतं. आदल्या दिवशी काम संपलं असावं. वाक्य तेवढं कुणी पुसलं नव्हतं. चौकातून फोन गेला नाही म्हणून बोर्ड चालवणाऱ्यांनी पुसलं नाही, आणि आम्हाला वाटलं ते पुसतील.

आनेकलची बस आली. मी चढले. खिडकीशी उभी राहून मला रडू येत होतं आणि सूत्रंही आठवत होती, दोन्ही एकदम. फाटकावरचा रखवालदार साखळी हातात घेऊन उभा होता. मला पाहून म्हणाला, “ये, ये, लवकर,” आणि माझ्यामागं साखळी लावली. बाकावर बसल्यावर प्रश्नपत्रिकेवर माझ्या केसांतलं पाणी पडलं. त्या पेपरात मी पास झाले. जेमतेमच, पण झाले.

संध्याकाळी अप्पा घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. रस्ता मोकळा होता, वाक्य शिळं होतं, चूक बोर्डाची होती. म्हणजे आमची होती. सांगताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हते, पातेल्यातल्या दाण्यांकडे पाहत होते.

अप्पांनी हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, “म्हणजे आज बोर्डाचाच पेपर अवघड गेला म्हण की.”

आई फिसकन हसली. मला हसू आलं नाही. “तुम्ही आता त्याचं ऐकू नका, अप्पा.”

“का? एकदा नापास झाला म्हणून त्यानं शाळा सोडायची का?”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पावट्याची उसळ ताटात वाढून घेत होते. मी मात्र त्यांच्याकडे पाहिलं.

सुट्टीनंतर प्रकल्पाचं शेवटचं बोलणं झालं तेव्हा सरांनी विचारलं, “काय बदलाल?” मी हात वर केला. मी खाकरलेही. पण या वेळी माझ्याआधी कुणी बोललं नाही. मी म्हटलं की बोर्डाला ‘बहुतेक’ म्हणता येत नाही हे मला समजलं. पण मग जेव्हा आपल्याला खात्री नसेल, चौकात कुणी नसेल, तेव्हा बोर्डानं काही बोलूच नये. दिवे बंद. काळी पाटी. ऐकणाऱ्याला एवढं तरी कळावं की आज सांगणाऱ्याला ठाऊक नाही.

पद्मिनीनं टेबलावर हात आपटला. “सरी, बरोबर! बहुतेकबाईंनी बोर्डाला पण बहुतेक शिकवलं!”

सरांनी ते लिहून घेतलं. पुढं काय झालं मला ठाऊक नाही. आमचा प्रकल्प संपला. पण पाइप आता पलीकडच्या बाजूला घालत आहेत, बोर्ड अजून तिथंच आहे, आणि या वर्षी जाता-येता मी पाहते, कधी त्यावर अक्षरं असतात, कधी तो नुसता काळा असतो. काळा असतो तेव्हा मला तो जास्त माझा वाटतो. तेव्हाच मला भीतीही जास्त वाटते, कारण तो आपलं काम पुन्हा माणसांवर टाकून मोकळा झालेला असतो.

आज सकाळी शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर होता. आईनं दही-साखर दिली. पोती मागं, आम्ही पुढं. पाऊस नव्हता, पण थंडी होती आणि अप्पांनी कानाला मफलर गुंडाळला होता. फाटा जवळ आला तसा त्यांनी सवयीनं टेम्पो हळू केला आणि मान पुढं काढून पाहिलं.

बोर्ड बंद होता.

“आज काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, अप्पा. त्याला ठाऊक नाही.”

मागून हॉर्न वाजला. अप्पांचा हात इंडिकेटरच्या दांडीवर होता, वर नाही, खाली नाही. इतकी वर्षं या शहरात गाडी चालवणारे अप्पा फाट्यावर थांबून माझ्याकडे बघत होते. मला म्हणावंसं वाटलं की मला कसं माहीत असणार, समोर धूसर आहे, चौक इथून दिसतही नाही, तुम्हीच ठरवा. घशात तो जुना आवाज तयार झाला. मागचा हॉर्न पुन्हा वाजला, लांब.

“सरळ,” मी म्हटलं.

अप्पांनी दांडीवरचा हात काढला आणि चाकावर ठेवला. पुढं काय आहे ते अजून दिसत नव्हतं. माझ्या बोटांना पावट्याचा वास येत होता.